घेणाऱ्याने करायची सही

आजच्या निरोप समारंभाचे अध्यक्ष, आपल्या दुकानाचे माननीय मालक. व्यासपीठावरचे आपले विक्रीप्रमुख, ज्यांना आपण सगळे प्रेमाने तारेसाहेब म्हणतो. कामातून वेळ काढून आलेले कुरिअर कंपनीचे शाखाप्रमुख. दुरुस्ती विभागातले काका आणि मामा, पॅकिंगच्या टेबलावरच्या माझ्या सगळ्या मावश्या, आणि आजची सत्कारमूर्ती, म्हणजे माझी आई. सर्वांना मनापासून नमस्कार.

मला दोन शब्द बोलायला सांगितलं आहे. ‘घरातली पहिली पदवीधर, बोलेल छान,’ असं मालक म्हणाले. छान होईल की नाही ठाऊक नाही, पण दोन शब्दांत नक्की आटोपणार नाही, हे आधीच सांगते. चहा थर्मासमध्ये आहे, गार होणार नाही.

मागे फलकावर सुंदर अक्षरांत लिहिलंय, ‘प्रकृतीच्या कारणास्तव स्वेच्छानिवृत्ती’. अक्षराबद्दल अभिनंदन. पण आज सकाळीच आईने गॅसचा भरलेला सिलिंडर एकटीने उचलून स्वयंपाकघरात नेला. मी दार धरून उभी होते आणि दम मला लागला. मग ही कुणाची प्रकृती, आणि कुणाची स्वेच्छा?

आई, बाही ओढू नकोस. बोलू दे.

बाहेरून आलेल्या पाहुण्यांसाठी थोडं सांगते. आपण जुने कॅमेरे आणि लेन्स दुरुस्त करून इंटरनेटवर विकतो. काका-मामा दुरुस्त करतात, आई आणि मावश्या खोक्यात भरतात, कुरिअर नेतं. आणि ‘वस्तू मिळाली नाही’ म्हणून जे भांडतात, त्यांच्याशी वरच्या खोलीत बसून मी बोलते. भांडण आलं की विक्रीची वेबसाइट आपल्याला एकच प्रश्न विचारते: घेणाऱ्याची सही आहे का? नसेल तर वस्तूही गेली आणि पैसेही गेले. म्हणून महागड्या वस्तूला सहीची सेवा घ्या, असा हट्ट मी धरला. त्याचे जादा पैसे पडतात. मालकांनी ते मंजूर केले, त्यासाठी मी त्यांची आजही ऋणी आहे. हे मी मनापासून म्हणते, टोमणा नाही.

तारेसाहेबांना मात्र ते रुचलं नाही. गिऱ्हाईक घरी नसतं, पार्सल परत जातं, ते चिडतं आणि पाचाऐवजी तीन तारे देतं. साहेबांना तीन तारे दिसले की जेवण जात नाही. मग त्यांनी एक युक्ती काढली. कुरिअरवाला पार्सल न्यायला आला की सही इथेच, आपल्याच काउंटरवर उरकून घ्यायची!

हसू नका. इथे बसलेल्या किती जणांनी उरकली आहे, ते मला माहीत आहे.

पार्सल न्यायला येणाऱ्या दादाला आपण तुफान म्हणतो. तो मागच्या रांगेत बसलाय, बिस्किटाचा पुडा त्याने आधीच फोडलाय. आईने मला सांगितलेला संवाद सांगते, चुकला तर तुफानदादा, दुरुस्त कर.

“मावशी, एवढी एक सही ठोका मोबाइलवर.”

“माझी कशाला? पार्सल त्या गिऱ्हाइकाचं ना?”

“अहो, तुमची काय, त्याची काय! आमच्या माणसाने सहा मजले चढायचे आणि तो आतून ओरडणार, नंतर या म्हणून. मोबाइलला फक्त रेघ लागते.”

“रेघ कशाला? नीट नाव लिहिते की.”

आणि माझ्या आईने नीट नाव लिहिलं. तिला सही करायला येऊ लागून फार काळ झालेला नाही. बँकेत एकदा कारकुनाने सगळ्या रांगेसमोर शाईचा पॅड पुढे सरकवला आणि ‘आजी, अंगठा’ असं मोठ्याने म्हणाला. तिला आजी म्हटल्याचा राग आला की अंगठा म्हटल्याचा, ते ती अजून सांगत नाही. पण त्या दिवसापासून ती पॅकिंगच्या तपकिरी कागदावर रोज नाव गिरवायला लागली. वेलांटी, रफार, सगळं जागच्या जागी येईपर्यंत थांबली नाही. मग कुणी सही मागितली की तिला आनंदच व्हायचा.

पुढे काय झालं? एक लेन्स गेली. दुकानातली सगळ्यात महाग. गिऱ्हाईक म्हणालं, मिळाली नाही. आणि ते खोटं बोलत होतं असं मला वाटत नाही. पार्सल पोचवणाऱ्याच्या मोबाइलवर सही आधीच होती, मग त्याने बेल तरी कशाला वाजवावी? इमारतीच्या जिन्याखाली ठेवलं आणि गेला, हे शाखाप्रमुखांनीच चौकशी करून सांगितलं. त्यांनी लपवलं नाही, त्याबद्दल आभार. तिथून ते कुणी उचललं, कुणास ठाऊक.

आईला केबिनमध्ये बोलावलं, तेव्हा मी तिथेच होते. मालकांनी संगणकाचा पडदा तिच्याकडे वळवला. “हे नाव कुणाचं?”

आई काय खूश झाली! एवढ्या मोठ्या पडद्यावर आपलं नाव. म्हणाली, “माझं.”

तारेसाहेब म्हणाले, “म्हणजे पार्सल तुम्ही घेतलंत.”

“मी भरलं, साहेब. घ्यायचंच असतं तर भरलं कशाला असतं?”

मालक हळू आवाजात म्हणाले, “मी पोलिसांत जात नाही. वय झालंय, सन्मानाने जा. कार्यक्रम करू.” म्हणून हा कार्यक्रम आहे, मंडळी. हार आहे, भिंतीवरचं घड्याळ आहे.

त्याच पडद्यावर मी बाकीच्या पार्सलांच्या सह्या पाहिल्या. एकजात गांडुळं! कुणाची आडवी, कुणाची वेटोळं घातलेली. गिऱ्हाइकांच्या नावाने तुम्ही सगळ्यांनी रेघोट्या मारल्या. वाचता येत नाहीत म्हणून तुम्ही कुणीच सापडला नाहीत. सापडली ती एकटी, जिने आपलं खरं नाव स्वच्छ लिहिलं. तारेसाहेब, पाणी घ्या, ग्लास तुमच्या उजव्या हाताला आहे.

तिला कुणी चोर म्हटलेलं नाही, हे खरं आहे. तोच तर त्रास आहे. म्हटलं असतं तर खोडून काढता आलं असतं. न म्हणता नुसता हार घातला, तर ती काय खोडणार? परवा आम्ही बँकेत गेलो. त्याच कारकुनाने या वेळी स्वतःहून पेन पुढे केलं. आईने पेन बाजूला सारलं आणि अंगठा पुढे केला. रस्ताभर मी विचारत होते, का गं? ती एवढंच म्हणाली, “सही केली की नाव अडकतं.”

अध्यक्ष महाराज, लेन्स परत येणार नाही, मला कळतं. पण माझ्या आईचा तो हात मला परत हवा आहे, आणि तो घेतल्याशिवाय मी खाली बसणार नाही.

म्हणून सभागृहाला एक विनंती. ज्यांनी ज्यांनी आपल्या काउंटरवर गिऱ्हाइकाच्या जागी सही केली, त्यांनी कृपया उभं राहावं. नोकरीची भीती मलाही आहे. आमच्या घरात दोनच पगार येतात, आणि ते दोन्ही या खोलीत आहेत.

काका, पाणी प्यायला उठलात का? नाही? धन्यवाद, काका. मामा, गुडघा दुखतोय तर खुर्ची धरून उभे राहा. मावशी... दुसरी मावशी... हिशेबवाले भाऊ, तुम्हीसुद्धा? तुफानदादा, बिस्किट खाली ठेव. हो, तूच सांगितलंस करायला, पण उभा राहिलास, हे मी विसरणार नाही. जे बसून आहेत, त्यांनी पायांकडे बघितलं तरी चालेल. तारेसाहेब मोबाइल बघताहेत, बघू द्या.

आई, तू कशाला उठलीस? तुझा तर सत्कार... बरं. बरोबर आहे. केली होतीस, तूही सही केली होतीस. राहा उभी.

दुकानाने मला बोलू दिलं, आपण शांतपणे ऐकलंत, सभागृह सजवणाऱ्यांनी सकाळपासून कष्ट घेतले, सगळ्यांचे आभार. बोलण्याच्या भरात कुणाचा उल्लेख राहिला असेल, एखादा शब्द वाकडा गेला असेल, तर लहान समजून पोटात घाला. जे सांगितलं त्याबद्दल मात्र माफी मागत नाही. उद्या सकाळी आई पॅकिंगच्या टेबलावर येईल. तिला आत घ्यायचं की दारातून परत पाठवायचं, आणि पाठवायचं तर कोणत्या कारणाने, हे आपण आत्ता, या सगळ्यांसमोर, तिचं नाव घेऊन सांगावं.

हा माइक घ्या, अध्यक्ष महाराज. आम्ही उभेच आहोत.