आठ दिवसांचा आंबटपणा

(व्हॅलेहो, कॅलिफोर्निया. इस्पितळाच्या मागच्या गेटापाशी फिलिपिनो जेवणाची गाडी. भर दुपार. खिडकीत आर्नेल, खाली कठड्यावर सिनिगांगचा, म्हणजे आंबट आमटीचा, वाडगा घेऊन नर्स लिगाया.)

लिगाया : सिनिगांग कसं हवं, तर पहिल्या घोटाला डावा डोळा आपोआप मिटला पाहिजे. माझा मिटला. सांग आईला.

आर्नेल : अजून भात घालू, मावशी?

लिगाया : घाल की. बरगडीचं मांस बघ, चमचा लावला की हाड सोडतंय. सकाळपासून सहा पेशंटांची अंथरुणं बदलली, तेव्हापासून डोक्यात हेच. आईला सांग म्हटलं ना?

आर्नेल : काय सांगू तिला? आठ दिवस झाले, पहाटेचा स्वयंपाक मीच करतोय. आई घरी सामान भरतेय. आज निघाली ती फिलिपिन्सला, बातांगासला.

लिगाया : आज?

आर्नेल : मोठी मावशी पडली ना तिकडे. किती महिने लागतील, आईलाच ठाऊक नाही. मला म्हणाली, गाडी तुझ्याच्यानं व्हायची नाही, विकून टाक. मी नाही म्हटलं. मग म्हणाली, आठ दिवस तू रांध, लिगाया आपली जुनी गिऱ्हाईक, तिला सांगू नकोस. तिनं ओळखलं तर गाडी विकायची. घेणारा तीनला येतोय बघायला.

लिगाया : आणि मी ओळखलं नाही, असं तुला वाटतंय.

आर्नेल : ओळखलंत?

लिगाया : ती बघ, आलीच तुझी आई. टॅक्सी थांबवून ठेवलीय वाटतं.

इसिद्रा : दहा मिनिटं आहेत माझ्याकडे. आर्नेल, खिडकीची काच पुसली नाहीस. लिगाया, जेव तू, उठू नकोस. खरं सांग, कशी आहे माझ्या हातची आमटी?

लिगाया : ताई, तुमच्या हातची नाही ही. पहिल्या दिवशीच कळलं. तुम्ही पुडीतली आंबट पूड टाकता, यानं चिंच उकडून कोळलीय. तुमच्या मुळ्याचा पार गाळ होतो, याचा दाताखाली वाजतो.

इसिद्रा : ऐकलंस? पहिल्याच दिवशी. मी म्हटलं नव्हतं?

आर्नेल : म्हटलं होतंस.

लिगाया : माझं संपलं नाही अजून. पहिल्या दिवशी कळलं आणि पुढचे सात दिवस मी रोज आले. दोन दिवस तर सुट्टी होती माझी. घरून बस पकडून आले.

इसिद्रा : सुट्टीच्या दिवशी?

लिगाया : तुमच्या आमटीसाठी आले होते का कधी?

इसिद्रा : तोंड फार चालतं तुझं.

लिगाया : आमच्या वॉर्डात चालवावंच लागतं. चाखून तर बघा.

इसिद्रा : आण रे. थोडीच. विमानात पोट... हं.

लिगाया : डोळा मिटला. मी पाहिला.

इसिद्रा : वाफ गेली डोळ्यात. आर्नेल, हे कुणी शिकवलं तुला?

आर्नेल : कुणी नाही. तू करायचीस तिकडे, अंगणात, चुलीवर.

इसिद्रा : सात वर्षांचा होतास तू. इथं आल्यावर मला चिंच कोळायला वेळच मिळाला नाही. दोन-दोन नोकऱ्या, मग ही गाडी. पुडी फोडायची नि पुढं जायचं. तुला कसं आठवलं?

आर्नेल : कृती नव्हती आठवत. चव आठवत होती. जुळेपर्यंत करत राहिलो.

इसिद्रा : मुळा मात्र कच्चा आहे.

आर्नेल : बरं.

इसिद्रा : कच्चाच राहू दे. लोकांना आवडतोय तर. आणि तीनला येणाऱ्या त्या माणसाला फोन कर. म्हणावं, येऊ नका.

आर्नेल : आई...

इसिद्रा : रडू नकोस, रांग लागलीय. पुढची ताटं वाढ. टॅक्सीवाला हॉर्न मारतोय, निघते मी.

आर्नेल : थांब, खिडकीतून हात दे. कपाळाला लावतो.

इसिद्रा : देव भलं करो. काच पूस.

लिगाया : अहो जेवणाऱ्यांनो, ताटं फिरवा सगळ्यांनी. इसिद्राताई निघाल्या. जेवण चालू असताना माणूस निघालं की ताट फिरवायचं, म्हणजे सुखरूप पोचतं. हो, ते कागदी खोकंसुद्धा. डॉक्टर, तुम्हीही. कारण विचारू नका, नुसतं फिरवा.

आर्नेल : वळली का टॅक्सी?

लिगाया : वळली. ताई मागं बघत होत्या. सगळ्यांनी फिरवली बघ ताटं. तू नुसता उभा राहिलास ना?

आर्नेल : माझ्यापुढं ताट कुठंय, मावशी. पातेलं फिरवलं.

लिगाया : ते भरलेलं?

आर्नेल : दोन्ही हातांनी.