नगराध्यक्षांचा हिरवा सदरा

डोंगरातल्या वायापाम्पा गावच्या नगरपालिकेच्या दारात पाण्याच्या सभेसाठी रांग लागली होती. निवृत्त अबुंदियो मास्तर वर्तमानपत्र तोंडापुढे धरून पुढच्या दोघींचं बोलणं मन लावून ऐकत होते.

“फोर्तुनाता, बोचक्यात काय गं?”

“नगराध्यक्षांचा सदरा. पांढरा होता.”

“होता म्हणजे?”

“काल झऱ्यावर पिळला, तर हिरवागार!”

“अगं बाई! म्हणजे पाणी कुठं जातं ते बघायला त्या इंजिनियर पोरीनं डोंगरमाथ्यावर ओतलेला रंग?”

“तोच! आपल्या जुन्या दगडी चरांत ओतलेला. पावसाचं पाणी त्या चरांतून डोंगराच्या पोटात मुरतं नि आपल्या झऱ्याला येतं, हे मी ओरडून सांगत होते, तेव्हा सगळे फिदीफिदी हसले.”

“आधी मूठभर भाजका मका घे, दम खा. साहेब तर भर चौकात म्हणाले होते, रंग खाली झऱ्यात आला तर नवी बोअर रद्द, सगळा निधी चरांच्या दुरुस्तीला!”

“आज त्यावरच मतदान. बोअर मारली की झरा आटलाच समज, नि माझा कपडे धुण्याचा धंदाही बसला.”

“मग बाटलीत भरायचं ना ते पाणी!”

“बाटली शोधेपर्यंत रंग वाहून गेला. पुरावा हा एवढाच.”

“सदरा त्यांचाच, हे कोण मानेल?”

“कॉलरवर त्यांच्या बायकोनं दोऱ्यानं नाव भरलंय!”

इतक्यात खुद्द नगराध्यक्ष पायऱ्या चढत आले.

“फोर्तुनाता, माझा सदरा झाला का?”

“झाला ना साहेब! आत चला, सगळ्यांसमोरच देते.”