क्रोल, वेंडल : सामने एक

नोरीन : बेल दोनदा वाजली. उघडू की नको?

वेंडल : घरी नाही म्हणून सांग.

नोरीन : ट्रक अंगणात, तू खिडकीत, आणि मी सांगू घरी नाही? सोमवारी त्याचा फोन आल्यापासून धड जेवला नाहीयेस. बेसबॉलच्या जाड्या पुस्तकाचा माणूस आहे तो, पोलीस नाही.

वेंडल : पुस्तकाचा आहे म्हणूनच म्हणतोय.

नोरीन : नवी आवृत्ती निघाली की दुकानात पहिला तू. चार विटा टीव्हीखाली रचून ठेवल्यास, चारही आपोआप ‘क्रोल’वरच उघडतात. आता पुस्तक चालत घरी आलं, तर तोंड लपवतोस? पीचचा केक केलाय मी. आले हो, आले! या, मिस्टर पॅजेट. बूट असू देत.

पॅजेट : फार वेळ नाही घेणार, मिसेस क्रोल. पोस्टातून निवृत्त झालो, आता हेच करतो. म्हणजे कसं आहे, आमच्या पुस्तकात हजार सामने खेळलेल्याची जशी नोंद, तशीच एक सामना खेळलेल्याची. आणि ती चुकली की मला झोप लागत नाही.

वेंडल : चुकली तर काय करता?

पॅजेट : दुरुस्त करतो.

वेंडल : आणि माणूसच चुकीचा निघाला तर?

पॅजेट : गाळतो. मागच्या आवृत्तीत मीच एकाला गाळला. बिचारा मैदानावर उतरलाच नव्हता. त्याच्या मुलीनं फोन आपटला माझ्यावर.

नोरीन : आपटणारच! पण आमच्याकडे ती धास्ती नाही. वेंडल, सांग ना त्यांना. बरं, मीच सांगते. सप्टेंबर एक्कावन्न, मोसमातला शेवटचा रविवार, नववा म्हणजे अखेरचा डाव. संघ आठ धावांनी मागे. मॅनेजर ओरडला, ‘क्रोल, सेंटर फील्डला जा!’ हा पळाला. चेंडू उंच गेला, उन्हात दिसेना, डोक्यावरची टोपी उडाली, तरी यानं झेलला. आणि तिथूनच असा फेकला की धाव पुरी करायला प्लेटकडे धावणारा गडी बाद! बॅट हातात आलीच नाही. दर थँक्सगिव्हिंगच्या जेवणाला ऐकून ऐकून आता ताटातली टर्कीसुद्धा उठून सांगेल.

पॅजेट : तंतोतंत. एक झेल, एक फेक.

नोरीन : माझा पाठचा भाऊ एमेटही त्याच बाकावर होता. दोघं खालच्या लीगमधून वरच्या संघात एकाच बसनं गेलेले. याचे कराराचे कागद आले, एमेटचे वाटेतच राहिले. बिननंबरी शर्ट घालून नुसतं बसू दिलं त्याला. पुढे कोरियाच्या लढाईवर गेला आणि तिकडेच राहिला. आई मरेपर्यंत म्हणायची, बाकावर तरी बसला गं माझा पोरगा.

पॅजेट : अरेरे. बाकावर बसलेल्याची नोंद नसते आमच्याकडे.

नोरीन : माहीत आहे. पहिल्यांदा पुस्तक आणलं तेव्हा शोधलं होतं मी.

वेंडल : नोरीन, कॉफी बघ.

नोरीन : कॉफी तुझ्या समोर आहे. सांडतोयस ती.

पॅजेट : मी आलोय तो एका हातासाठी. एक जुने वृत्तपत्र-छायाचित्रकार वारले, त्यांच्या पेटीत हा फोटो निघाला. त्याच सामन्यातला, तीच फेक. चेहरा पलीकडे आहे, पण पाठीवर एक्केचाळीस, तुमचाच नंबर. पुस्तकात तुमच्यापुढे लिहिलंय, ‘फेक : उजवा हात’. हा माणूस तर डाव्यानं फेकतोय! एवढंच सांगा, डावखुरे ना तुम्ही? इथे सही करा, मी बदलून टाकतो.

वेंडल : हो. डावा.

नोरीन : काय?

वेंडल : तेव्हा डाव्यानं फेकायचो.

नोरीन : बेचाळीस वर्षं संसार केला तुझ्याबरोबर. डाव्या हातानं तुला बरणीचं झाकण उघडत नाही. दाखवा हो तो फोटो.

वेंडल : तुझा चष्मा नाहीये.

नोरीन : डोक्यावर आहे.

वेंडल : नको ना गं. हात जोडतो तुला. पॅजेट, तुम्हाला काय बदलायचं ते बदला, पण तो फोटो आत ठेवा!

पॅजेट : माझं काही चुकलं का?

नोरीन : हात काढ, वेंडल.

(ती फोटो घेऊन खिडकीपाशी जाते.)

नोरीन : एका पायातला मोजा घसरलाय याचा.

वेंडल : नोरीन…

नोरीन : आई रबर शिवून द्यायची, तरी घसरायचाच. असाच पाय टाकून आमच्या गोठ्याच्या भिंतीवर चेंडू आपटायचा तो दिवसभर. याच हातानं.

वेंडल : घाबरलो गं मी. मॅनेजरनं नाव घेतलं तसा मी पळालो. संडासात जाऊन ओकत बसलो. खराब होईल म्हणून शर्ट काढून ठेवला होता. एमेट आला, ऊठ म्हणाला. मी उठलोच नाही. मग त्यानं माझा शर्ट चढवला आणि पळाला. दोन दिवसांपूर्वी आलेली पोरं आम्ही, मॅनेजर कुठे चेहरे ओळखत होता!

पॅजेट : आणि वर बसलेल्या नोंद करणाऱ्यानं पाठीवरचा नंबर पाहिला. नंबरावरूनच लिहितात ते.

नोरीन : मला सांगितलं नाही एमेटनं. आईलाही नाही.

वेंडल : मी शब्द घेतला त्याच्याकडून. उन्हाळ्यात सगळ्यांना सांगू म्हणालो. मे महिन्यात तो गेल्याची तार आली. तुमच्याकडे आलो तो सांगायलाच आलो होतो. दार तू उघडलंस. रडून डोळे सुजले होते तुझे. वाटलं, आता बोललो तर ही पुन्हा दारात उभं करायची नाही. मग ते रोजच वाटत राहिलं. पुस्तकाला नाही गं मी भीत. तुला भितो.

नोरीन : आई गेली तेव्हा उशाशी तू होतास.

वेंडल : होतो.

नोरीन : ‘बाकावर तरी बसला’ म्हणाली, तेव्हा तिचा हात तुझ्या हातात होता.

वेंडल : हो.

पॅजेट : मी… पुन्हा कधीतरी येऊ का?

नोरीन : बसा. केक घ्या. आता नोंदीचं काय होतं?

पॅजेट : साहेबांनी हे लिहून सही केली, तर त्यांची जाते. तुमच्या भावाची नवी होते. पूर्ण नाव, जन्म, मृत्यू आणि हात.

नोरीन : घ्या लिहून. एमेट लेरॉय स्टॉफर. तीन मार्च एकतीस. हात डावा.

वेंडल : पेन द्या.

पॅजेट : पुन्हा विचार करा, साहेब. छापून आल्यावर गावात…

वेंडल : द्या हो. सही कुठे करू?

नोरीन : इथे. उजव्यानं कर.

वेंडल : केली. नोरीन, मी आज कुठे जाऊ?

नोरीन : ते मला आत्ता विचारू नकोस. टोपी खरंच उडाली होती का त्याची?

वेंडल : उडाली होती. मी बनियनवर मैदानाकडच्या दारात येऊन उभा होतो. सगळं पाहिलं.

नोरीन : मग बस इथे. पहिल्यापासून सांग.

वेंडल : नववा डाव होता. आम्ही आठ धावांनी मागे होतो. मॅनेजर ओरडला, ‘क्रोल!’… आणि एमेट उठला.