न रडलेलं पाणी

गुरुवार, नऊ जानेवारी. ढगाळ, कोरडा वारा — लिहिलंत? खिडकी तुमच्याच पाठीशी आहे ताई, मान वळवली असतीत तर मला विचारावं लागलं नसतं. पण नाही, हवासुद्धा आम्ही सांगायची. वाऱ्यानं डोळा कोरडा पडतो म्हणून नोंद लागते — कळलं हो, मागच्या दोन्ही खेपांना सांगितलंत. आणि दोन्ही खेपांना डोळ्यातल्या पाण्याचा नमुना तुमच्या हातूनच वाया गेला, हेही माझ्या लक्षात आहे. एकदा नळी पापणीला टेकली, एकदा तुम्ही शिंकलात. आज तिसरी खेप. आज नाही जमलं तर डॉक्टर सहा महिने लेन्सचं नाव काढू देणार नाहीत, आणि सहा महिन्यांत तिकडे बटणबाई माझ्या जागी मुळं रोवून बसेल. तेव्हा शिंक आली तर बाहेर जाऊन या.

हनुवटी इथे? ठेवली. चष्मा काढला. आता तुम्ही म्हणजे एक पांढरा ठिपका आहात, त्यामुळे तोंडं वाकडी करायची तर खुशाल करा. किती वेळ थांबायचं? डोळा निवेपर्यंत — बरं. म्हणजे गप्पाच मारायच्या, दुसरं काय. तुम्ही बोलू नका, तुमचं ते मोजमाप चुकेल, मी बोलते.

बटणबाई कोण? आमच्या धुलाईघरात आहे. मोठ्या हॉटेलांच्या चादरी, टेबलाची कापडं, सगळं आमच्याकडे येतं. मी इस्त्रीच्या मजल्यावर मुख्य. ती कोपऱ्यात बटणं लावायची — आयुष्यभर बटणंच लावली तिनं, तोंडही तसंच, चार भोकांचं. लेन्स बंद झाल्या, मी चष्मा लावून मजल्यावर उभी राहिले आणि पहिल्याच वाफेला काच पांढरी! पुसली — पुन्हा पांढरी. मेजवानीचं एक कापड जळालं माझ्या नजरेसमोर, म्हणजे नजरच नव्हती म्हणा. मालक म्हणाले, तोवर काउंटरवर बसा. पावत्या फाडा. आणि मजल्यावर कोण? बटणबाई! घडी घालते ती गाठोडं बांधल्यासारखी. तर तेवढ्यासाठी ह्या लेन्स हव्यात मला. नट्टापट्टा म्हणून नव्हे — ह्या वयात कुणासाठी करायचाय?

तुमचे डॉक्टर — जरा जास्तच बोलतात नाही? मला म्हणाले, अंड्याच्या पांढऱ्यात असतं ना, तसलं प्रथिन अश्रूंतही असतं. राखणदार म्हणे. जंतू आला की त्याला फोडायचं. तर ही प्रथिनं लेन्सवर चिकटतात, आणि दिवसेंदिवस तशीच राहिली की शिजल्यासारखी होतात. रूप बदलतं. मग शरीर आपल्याच प्रथिनाला ओळखत नाही, परका समजून अंगावर धावून जातं — म्हणून माझ्या पापणीच्या आत ते रवाळ फोड. एवढं सांगायला अर्धा तास आणि दोन चित्रं. मी म्हटलं, डॉक्टर, मी डाग काढणारी बाई आहे, चादरीवरचं अंडं गरम पाण्यात टाकलं की जन्मात निघत नाही, हे मला शिकवू नका. तर हसले. दातही चांगले नाहीत त्यांचे.

आता म्हणे लेन्स काढल्यावर अश्रू पूर्वपदावर आलेत का ते बघायचं. आणि पाणी हवं ते न रडलेलं! रडलं की नुसता लोट येतो, प्रथिनं पातळ होतात, मोजमाप फुकट. मी म्हटलं, योग्य बाई निवडलीत. आईला पोचवून आले तेव्हाही मी रडले नव्हते. बहिणी बसल्या होत्या नाकं ओढत, रुमाल कुणी धुतले? मी.

रोज रात्री लेन्स काढायचात का — हा प्रश्न किती वेळा विचारणार? काढायचे. म्हणजे — दिवा मालवल्यावर. म्हणजे, कधी राहायच्या. अहो, माणूस दमतं. आणि ह्यांच्या आधी उठून घालायच्या तर पहाटे कोण धडपडणार? त्यापेक्षा डोळ्यांतच — हे लिहू नका. डॉक्टरांना मी सांगितलंय रोज काढते म्हणून. लग्नाआधी ह्यांना सांगितलं होतं, मी लेन्स लावते. त्यांना वाटलं, कॅमेऱ्याची हौस आहे! मग मीही राहू दिलं. बाटलीच्या बुडासारख्या काचा आहेत माझ्या, बघितल्यात ना? बावीस वर्षं दाखवल्या नाहीत त्यांना.

हां, लावा नळी. मी हलत नाही. तोंड हललं तर चालतं ना — डोळा हलत नाही माझा, बघा.

तर म्हटलं, आता कळेल. आता विचारतील. पहिल्या दिवशी चष्मा लावून चहा दिला. काही नाही. जेवायला समोरासमोर बसलो. काही नाही. आणि माणूस करतो काय, तर छापखान्यात मुद्रितं तपासतो! चारशे पानांच्या पुस्तकात एक अनुस्वार सुटला तर ह्यांना घास उतरत नाही, आणि बायकोच्या नाकावर दोन भिंगं बसलीत ती दिसत नाहीत! मूर्ख. सरळ मूर्ख म्हणते मी. काल रात्री तोंड धुताना चष्मा बेसिनवर ठेवला, तशीच जाऊन पडले. हे मागून आले, तो हातात घेऊन — काय म्हणाले असतील? म्हणाले, "अगं, कुणी पाहुणे येऊन गेले का? चष्मा विसरलेत." ऐकलंत? पाहुणे! मी म्हटलं, हो, आली होती एक बाई. "बिचारीचं अडलं असेल," म्हणाले, आणि रुमालानं पुसला, दोन्ही काचा, निगुतीनं, कडा-कडांपर्यंत, आणि उंच फळीवर ठेवला, फुटू नये म्हणून. सकाळी मी भिंत चाचपत शोधतेय! त्या बाईची काळजी, बघा — त्या बाईचा चष्मा असा पुसला की माझं कधी काही —

हसतेय हो मी. हसतेय. हसून आलेलं पाणी रडण्यात धरत नाहीत ना? सांगा ना. आहे की नळीत, भरपूर आहे, इतकं तर मागच्या वेळी — थांबा, काढू नका. पुसते मी, पुन्हा लावा. पुन्हा लावा म्हणते ना! असं काय बघताय? दिसत नाही मला, पण कळतं. कीव नकोय तुमची, पगार घेता ना, काम करा.

नाही? बरं. द्या माझा चष्मा. सरका, काय लिहिलंत ते वाचू द्या मला.

"नमुना बाद. लेन्स सहा महिने बंद."