आत्याबाईंनी लगरीला जेवू घातलं

ये गं, अशी जवळ ये. उंबऱ्यावर काय बसलीस पाव्हणीवानी? वर्ष-वर्ष तोंड दाखवायचं न्हाय, आन् आलीस तर खांद्यावरची पिशवीसुद्धा उतरवायची न्हाय. ठेव ती खाली. पाणी पी. लगरीचं विचारतीस व्हय, मग ते उभ्या-उभ्या सांगण्यासारखं न्हाय.

माझं माहेर येरमाळ्याच्या वरल्या अंगाला, माळावरचं. आमचे आबा, म्हंजे माझे वडील, निजामाच्या राज्यात एका जहागीरदाराकडं शिकारीचे पक्षी सांभाळायला होते. जहागीर गेली, पक्षी गेले, पण हातातली कला कुठं जाणार? माळावरचीच एखादी लगर धरायचे, आन् म्या एकुलती एक लेक, मलाच शिकवलं. बायका म्हणायच्या, पोरीच्या हातात बांगड्या घाला हो, पाखरू काय देताव. आबा म्हणायचे, बांगड्या बी घालीन, पाखरू बी देईन.

लगर म्हंजे ससाण्याचीच जात, उघड्या रानातली. शिकवायची ती मादी, ती नरापेक्षा मोठी असती. तुला वाटंल मारून-मुटकून शिकवत असतील, तर न्हाय बाई, तिला कुणी ओरडलेलं खपत न्हाय. डोळ्यावर चामड्याची टोपी, पायात घुंगरू, आन् हातावर घिऊन नुसतं बसायचं, बोलत राहायचं. मग लांब दोरीवर उडवायची, मग एक दिवस दोरी सोडायची. वर गेली की ती कुणाची न्हाय. परत येती ती भुकंपायी. पोट जरा रिकामं पाहिजे, लई न्हाय, जरा. आबा म्हणायचे, तेवढं कळलं की समदं कळलं.

लगीन होऊन म्या हिकडं आले आन् मग पडला बहात्तरचा दुष्काळ. मालक ऊसतोडीला लांब गेलेले, म्या आन् आत्याबाई, म्हंजे माझी सासू, दोघी खडी फोडायला. सरकारची सुकडी मिळायची ती खायची. गावानं बियाची ज्वारी बी दळून खाल्ली, कुणाच्या घरात पेरायला मूठभर राहिली न्हाय. फक्त सोसायटीच्या विहिरीला थोडं पाणी, त्याच्यावर बियाण्यापुरती ज्वारी उभी केलेली. चेअरमन म्हणले, ही हाती आली तरच पुढल्या साली गाव पेरंल. कणसात दूध भरलं आन् आल्या भोरड्या, दाण्यावर तुटून पडणारी पाखरं. चहूकडं रान करपलेलं, हिरवं काय ते तेवढंच, मग येणार न्हाईत तर काय. आभाळ झाकून यायच्या. गोफणीनं हिकडनं उठवल्या की तिकडं बसायच्या. गाव सगळं खडीवर, राखणीला माणसं आणायची कुठनं?

म्या आबांना सांगावा धाडला. आबा आले एसटीनं, हातावर लगर घिऊन. डोळे गेलेले त्यांचे तवर, उजेड-अंधार तेवढा कळायचा. कंडक्टर म्हणला म्हणं, आबा, हिचं तिकीट? हे म्हणले, ती उडतच येणार व्हती, मीच म्हणलं सोबतीला चल.

आत्याबाईंनी कपाळाला हात लावला, म्हणल्या, व्याही आले ते आले, संगट आणखी एक तोंड आणलं. आबा लगरीला बाईसाहेब म्हणायचे, तर ह्या रोज विचारायच्या, बाईसाहेबांचं ताट वाढू का?

उडवायची म्या, आबा बांधावर बसून घुंगरू ऐकायचे. पहिल्याच सकाळी ती वरून दगडावानी सुटली आन् थवा फाटला, त्या दिवशी पुन्हा एक भोरडी बसली न्हाय.

आता आत्याबाई बोलायला तिखट, पण उपाशी जीव दारात बघवायचा न्हाय त्यांना. म्या लगरीला मापात घालायची ते त्यांच्या जिवाला लागायचं. एक दिवस मुंगसानं आमची कोंबडी मारली. म्या खडीवर होते, आबांचा डोळा लागलेला. आत्याबाईंनी ती कोंबडी लगरीला पोटभर चारली, म्हणल्या, खा बाई, सुनेनं माझ्या तुला पार वाळवलं.

सकाळी लगर वर गेली, घिरट्या घातल्या, थव्याकडं बघितलं बी न्हाय, गेली डोंगराच्या अंगाला. तिला खाली बोलवायची पंखांची गड्डी दोरीला बांधून गरागरा फिरवली, बोलावून घसा बसला. न्हाय. तवा आत्याबाईंनी कोंबडीचं सांगितलं, म्हणल्या, गावाचं बी घालवलं गं म्या. आबा म्हणले, विहीणबाई, तुम्ही जेवू घातलं, पाप न्हाय केलं. पचलं की येईल. म्या हळूच विचारलं, येईल ना आबा? तर म्हणले, माहीत न्हाय.

मग आत्याबाईंनी पदर खोचला, खडीवर गेल्याच न्हाईत, पितळी बडवत रानभर पळाल्या, म्या गोफण घिऊन. दंडात गोळे आले. भोरड्यांनी आम्हाला ओळखलं, भ्यायच्या बंद झाल्या. एक कड पार खाल्ली त्यांनी. दुसऱ्या दिवशी उन्हं चढली तवा माझा हात उचलंना, म्या बांधावर बसले. तेवढ्यात आबा म्हणले, गप. दोघी गप बसा. विहीणबाई, पितळी ठेवा. मला काय ऐकू येईना. आबा म्हणले, ऊठ, फिरव गड्डी, वर हाय ती. म्या फिरवली. उन्हातनं आली गं, आधी थवा फाडला, आन् मग सुळकन माझ्या हातावर. आत्याबाई लांबूनच हात जोडून म्हणल्या, बाईसाहेब, तुमचं ताट आता सूनच वाढंल.

ज्वारी खळ्यावर आली, घराघरात बी पोचलं. आबांनी घुंगरू काढून लगर माळावर सोडली, हंगाम सरला की जिची तिला वाट मोकळी, त्यांची रीतच तशी. पुढल्या साली गावानं पेरलं. आबांना हाताला धरून रानातनं नेलं, ते कणसांवरनं हात फिरवत चालले, मधीच थांबले, म्हणले, ही कुणाची? म्या म्हणलं, समद्यांचीच, आबा. मग पुन्हा हात फिरवत चालले, पार गावाच्या शिवंपोतर.

आता आबा, आत्याबाई दोघं बी न्हाईत. ल्योक धाराशिवला असतो, माझं बरं चाललंय. तुझं बी भलं व्हवो. पण एक ऐक, हुरड्याच्या दिसांत ये, अशी घाईत न्हाय, मुक्कामाला ये. वाट बघायला लावू नको गं.