तीन मिलिमीटर

दोन हजार बावीस साल, नोव्हेंबरचा दुसरा आठवडा, थंडी नुकती पडायला लागलेली, आणि तुम्हाला सांगतो, मी कशालाही हात लावला नव्हता! सूनबाई मात्र दुकानातल्या कॉम्प्युटरसमोर बसून म्हणतेय, "बाबा, तुम्ही काय दाबलंत?" अगं, काय दाबणार? सहा वर्षं यंत्रावर नावाच्या पाट्या कोरतोय. फाइल उघडायची, नाव टाकायचं, हिरवं बटण. अक्षराची खोली तीन मिलिमीटर. ती यंत्राला कधी सांगावी लागली नाही... घरच्या माणसाला साखर किती, असं रोज विचारतं का कोणी?

आणि पाटी कुणाची बिघडावी? मास्तरांची! सोळाव्या वर्षी त्यांच्याकडे पाट्या रंगवायला लागलो. अक्षर ओळखत नव्हतो हो, चित्र समजून काढायचो. एकदा दवाखान्याची अख्खी पाटी उलटी रंगवली, तीही सुबक! सगळे हसले. मास्तर हसले नाहीत. एका कोरलेल्या पाटीवर माझं बोट धरून फिरवलं. "हा क. पुन्हा." असं बोटानं वाचायला शिकलो मी. ते देणं राहिलंच होतं.

आता मास्तरांची नजर गेली. त्यांच्या मजल्यावर चार दारं, चारही सारखी. दोनदा शेजाऱ्याच्या घरात शिरले. लेक म्हणाली, "अण्णा, आणखी एकदा चुकलात तर एकट्यानं बाहेर जाणं बंद." म्हणून मला निरोप : लाकडी पाटी कर, बोटाला कळेल अशी.

केली. अक्षरांत काळा रंग भरला. काय देखणी दिसत होती! दारावर ठोकली. मास्तरांनी बोट फिरवलं... इकडून तिकडे... पुन्हा... "अरे, कोरी पाटी लावलीस?"

तडक दुकानात आलो, सॉफ्टवेअरवाल्यांना फोन लावला. पलीकडून लोण्यासारखा आवाज, "सर, नव्या अपडेटमध्ये खोली अर्धा मिलिमीटरच येते."

"माझे तीन कुठे गेले?"

"सर, ते बदललं."

"मला विचारलंत?"

"विचारलं होतं सर. तुम्ही 'मान्य' दाबलंत."

मी हात लावला नव्हता! तर सूनबाई खाली मान घालून, "मी दाबलं, बाबा. रोज रोज विचारत होतं हो... कंटाळून दाबलं." घ्या! आता तिला काय बोलणार? घरात मला कंटाळून तीही 'बरं, बरं'च म्हणते की!

गेलो मास्तरांकडे. म्हटलं, "मास्तर, कंपनीनं परस्पर बदललं. मी हात लावला नव्हता."

"तेच विचारतोय," मास्तर म्हणाले. "ठोकण्याआधी पाटीला हात लावून पाहिलास का?"

काय सांगू तुम्हाला... पन्नास वर्षं हातानं पाट्या कोरल्या, बोट फिरवल्याशिवाय एकही दिली नव्हती. यंत्र आलं आणि मी नुसता बघायला लागलो. ही सवय कुणी बदलली माझी? मलाही कळलं नाही.

पाटी काढून आणली. यंत्राचं बटण बंद केलं. पटाशी शोधली, घासली. हाताची सवय सुटलेली. चार अक्षरांना दोन दिवस लागले. प्रत्येक घावानंतर बोट घालून पाहिलं.

ठोकली. मास्तर लेकीला म्हणाले, "तू इथंच थांब," आणि एकटे जिना उतरून गेले. आम्ही दोघं वरच उभे. वर आले. पहिलं दार चाचपलं... दुसरं... तिसऱ्यावर बोट थांबलं.

"हा क," म्हणाले. "जरा वाकडा आलाय. पण फिटलं तुझं."

आणि आत गेले.