तीन पंखे आणि आम्ही दोघं

...आणि वर त्या वकीलबाई मला विचारतात, चष्मा नाकाच्या टोकावर आणून, पेन उघडून, अगदी थंडपणे, "विभक्त होण्याचं नेमकं कारण?" आता काय सांगू, तुम्हीच सांगा! दारू नाही, मारझोड नाही, तिसरं माणूस नाही, सासू-सुनेचं म्हणाल तर माझी आई आणि माझी बायको एकमेकींना फोन करून माझ्यावरच हसायच्या, म्हणजे त्याही आघाडीवर सगळं आलबेल. मी घसा खाकरला आणि म्हणालो, "पंखे." बाई म्हणाल्या, "कोण?" म्हटलं, "कोण नाही हो, काय. कॉम्प्युटरचे पंखे." बाईंनी पेनाला टोपण लावलं.

हसा, हसा. मीही हसलो असतो, दुसऱ्याचं घर मोडलं असतं तर. पण तुम्हाला सांगतो, हवा आत घ्यायची की बाहेर टाकायची, एवढाच प्रश्न होता!

कसली हवा म्हणाल, तर आमच्या घरात माणसं दोन आणि कॉम्प्युटर एक. मी आवाज देतो. म्हणजे जाहिरातींना. 'आता नव्या पॅकमध्ये!' म्हणून ओरडणारा तो मी. लिफ्टमध्ये 'कृपया दरवाजापासून दूर उभे राहा' म्हणणारा बुवा, तोही मीच, आणि आजतागायत एकही माणूस दूर उभा राहिलेला नाही. बायको घरांची चित्रं करते, न बांधलेल्या घरांची. बिल्डरने अजून खड्डासुद्धा खणलेला नसतो आणि हिच्या चित्रात बाल्कनीत कोवळं ऊन, खुर्चीत कुणीतरी चहा पीत बसलेलं... असं सुख बघून लोक फ्लॅट घेतात हो! तर दोन्ही कामं अशी, की कॉम्प्युटर नुसता तापतो. माझा आवाज साफ करताना त्याचा प्रोसेसर राबतो, तिचं चित्र रंगवताना ग्राफिक्स कार्ड राबतं. म्हणून मोठ्या हौसेने आम्ही पाण्याने गार होणारं मशीन करून घेतलं. नळ्यांतून पाणी फिरणार, प्रोसेसरची उष्णता उचलणार, पुढच्या जाळीमागच्या रेडिएटरात आणून सोडणार, आणि रेडिएटरला वारा घालायला तीन पंखे. पंखा असा बसवला तर बाहेरची गार हवा आत ओढतो, उलटा बसवला तर आतली गरम हवा बाहेर फेकतो. संपलं! यात भांडण्यासारखं काही आहे का? बायको म्हणाली आत. मी म्हणालो बाहेर.

पहिले काही दिवस गंमत होती. मी अंघोळीला गेलो की ही पंखे फिरवायची, ही भाजी आणायला गेली की मी फिरवायचो. स्क्रू-ड्रायव्हर स्वयंपाकघरात चमच्यांबरोबर राहायला आला. आणि फिरवलेत की नाही ते कळायला टिश्यू पेपरचा तुकडा जाळीसमोर धरायचा, चिकटला तर हवा आत, फडफडला तर बाहेर. दुसरे नवरे घरी आल्यावर बायकोचा चेहरा बघतात, मी टिश्यू धरायचो. सासूबाईंच्या कानावर गेलं, त्यांचा फोन, "जावईबापू, अहो पंख्यावरून कसले वाद घालताय, सरळ एसी लावून टाका ना!" म्हटलं, आई, तो पंखा नाही हो... त्या म्हणाल्या, "बरं बरं, जो असेल तो, पण हिला सर्दीचा त्रास आहे, एवढं लक्षात ठेवा."

पण मी बाहेर का म्हणत होतो, हे कुणी विचारलं? कुणी नाही! ऐका. जुन्या मशीनच्या वेळी एका दुपारी हिचं कार्ड तापून ते बंद पडलं. दिवसभराचं काम गेलं, तो बिल्डर दुसरीकडे गेला. ही उठली, ओट्याशी गेली आणि घासलेली भांडी परत घासायला लागली. मी पाठीमागे उभा. तेव्हाच मी मनाशी ठरवलं, नवं मशीन आलं की रेडिएटरवरून गरम झालेली हवा हिच्या कार्डावर येता कामा नये, ती बाहेरच गेली पाहिजे, मग काय वाट्टेल ते होवो. तिला बोललो नाही. त्यात बोलायचं काय? नवरा-बायकोत काय आभारप्रदर्शन करायचं असतं? मी आपला रोज स्क्रीनच्या कोपऱ्यात तिच्या कार्डाचा आकडा बघायचो आणि ओरडायचो, "तापमान बघ, तापमान!" ती पण ओरडायची, "तेच सांगतेय, तापमान बघ!"

मग काय, भांडण पंख्यावर थोडंच थांबतं? पंख्यावरून खिडकीवर गेलं, खिडकीवरून ओल्या टॉवेलवर, टॉवेलवरून 'तुझं नेहमीचंच' वर. एकदा ते 'नेहमीचंच' आलं ना घरात, की ते जात नाही, तुम्हाला सांगतो. मी जेवण अर्धं टाकून उठायला लागलो, ती दिवा मालवून भिंतीकडे तोंड करायला लागली. मग एक दिवस बहिणीकडे गेली, चार दिवस जाते म्हणाली. चार दिवसांनी फोन आला तो वकीलबाईंचा. आणि खरं सांगतो, त्या फोनवरसुद्धा मला वाटत होतं, हवा आत की बाहेर, एवढाच तर प्रश्न आहे!

तर आम्ही त्या ऑफिसात. टेबलाच्या अलीकडे मी, अलीकडेच ती, मध्ये एक रिकामी खुर्ची, तिच्यावर तिची पर्स. वाटणी इतकी गुण्यागोविंदाने झाली की बाईंनाच संशय आला. फ्रीज तुला, कपाट मला, पडदे तुला, बरं, ठीक आहे, चालेल. शेवटी राहिला कॉम्प्युटर. बाई सावरून बसल्या, म्हणजे आता खरी लढाई म्हणून. मी म्हणालो, तिला द्या. ती म्हणाली, त्याला द्या. बाई म्हणाल्या, "अहो, नक्की काय चाललंय तुमचं?"

मी म्हटलं, बाई, तिलाच द्या, फक्त तिला सांगा, पंखे बाहेरच ठेव, नाहीतर तुझं कार्ड तापेल, परत दिवसाचं काम जाईल, परत ती... आणि माझा आवाज गेला हो. लिफ्टचा आवाज माझा, बँकेचा आवाज माझा, आणि ऐन वेळी गेला!

ती माझ्याकडे बघायला लागली. म्हणाली, "माझं कार्ड? तू माझ्या कार्डासाठी बाहेर म्हणत होतास?"

मी मान हलवली.

"अरे, प्रोसेसर तापला की तुझं रेकॉर्डिंग तडतडायचं. एकच वाक्य बोलून बोलून तुझा घसा बसायचा. रात्री झोपेत खोकायचास. म्हणून मी आत म्हणत होते."

म्हणजे बघा! आत घेतली तर माझा प्रोसेसर गार, बाहेर टाकली तर तिचं कार्ड गार. मी बघत होतो तिचा आकडा, ती बघत होती माझा, आणि दोघं बोंबलत होतो नुसतं 'तापमान, तापमान!' कुणाचं, ते कुणीच म्हटलं नाही! वकीलबाईंनी चष्मा काढला, पुसला आणि फाईल हळूच मिटली. मला वाटलं, झालं, सुटलो, आता घरी जायचं, जाता जाता दूध घ्यायचं...

मी म्हटलं, "चल."

ती बसूनच राहिली. खुर्चीवरची पर्स मांडीवर घेतली. मग म्हणाली, "आपण एकमेकांची काळजीसुद्धा भांडूनच करतो रे. मी दमले."

ती चिडून म्हणाली असती तर मी दहा उत्तरं दिली असती, पाठ आहेत मला. पण ती इतक्या मायेने म्हणाली... इतक्या मायेने ती वर्षभरात माझ्याशी बोलली नव्हती. बाईंनी फाईल परत उघडली. आम्ही सह्या केल्या.

कॉम्प्युटर माझ्याकडे आला. सामान न्यायला ती आली त्या दिवशी दोन खोकी भरली, पडदे काढले, आणि जाता जाता चमच्यांतून स्क्रू-ड्रायव्हर घेऊन खाली बसली. तिन्ही पंखे आत फिरवले. मी टॉर्च धरून उभा. म्हणाली, "टिश्यू दे." दिला. टिश्यू जाळीला जाऊन चिकटला. "हं," म्हणाली आणि दार अलगद ओढून गेली. टॉर्च माझ्या हातात चालूच होता.

आता प्रोसेसर गार आहे. रेकॉर्डिंग एकदाही तडतडत नाही, घरात आवाज नाही, भांड्यांचा नाही, बांगड्यांचा नाही, कुणाचाच नाही. कालच एक जाहिरात करून पाठवली, डबल बेडच्या गादीची. लगेच एजन्सीवाल्याचा फोन, "सर, काय क्वालिटी आहे! एकदम क्लीन! फक्त एक... आवाज जरा रडका येतोय. गादी दोघांची आहे ना सर, जरा सुखात बोला." म्हटलं, परत घेतो. घेतलं. परत घेतलं. उभं राहून घेतलं, हसून घेतलं, पाणी पिऊन घेतलं... संध्याकाळी त्याचाच फोन आला. म्हणाला, "राहू द्या सर. आम्ही वरून म्युझिक टाकतो."